डॉक्टर वीरेशची हिस्ट्री

डॉक्टर लोक पेशंटला हात लावायच्या आधी त्याची हिस्ट्री घेतात. काय होतंय, कधीपासून होतंय, आधी कधी झालं होतं का, घरात आणखी कुणाला आहे का. वीरेशची हिस्ट्री अजून कुणी घेतलेली नाही, म्हणून मी घेतोय. मी डॉक्टर नाही. लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात एकतीस वर्षं मी मराठी शिकवलं. निदान कागदावर तरी तसं आहे. माझं नाव माणिकप्पा. पोरं मला ‘मराठीवाले सर’ म्हणायची आणि बायॉलॉजीच्या सरांना नुसतं ‘सर’. यातच काय ते समजा.

वीरेश मूळचा उदगीरचा. वडील गुरुबसप्पा, त्यांचं हार्डवेअरचं दुकान. दुकानात गिऱ्हाईक मराठीत भांडतं, नोकर कानडीत उत्तर देतो आणि मोजमाप उर्दूत चालतं, अशी ती पेठ. तिथं जन्मलेल्या पोराला तीन भाषा फुकट मिळतात. पण पाचवीला गुरुबसप्पांनी त्याला इंग्रजी शाळेच्या हॉस्टेलात टाकलं आणि सहा वर्षांनी तिथून बाहेर पडला तेव्हा तिन्ही पुसल्या गेल्या होत्या. कानडी विसरला, उर्दू कधी धरलीच नाही, आणि मराठी ‘भूक लागली’, ‘मोबाइल दे’, ‘येतो’ एवढ्यापुरती उरली. दहावीला मार्क मात्र चांगले पडले.

अकरावीला तो लातूरला आला. लातूरला का येतात हे मी कुणाला सांगायला नको. आमच्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरांचे फोटो टांगलेले असतात, खाली गुण आणि रँक. आमच्या गल्लीत तर एक फोटो उतरला की दुसरा चढतो. या पोरांना आम्ही काय शिकवतो? चार पर्याय दिसले की तीन खोडायचे. उत्तर आलं नाही तरी चालेल, चुकीचं काय आहे ते ओळखता आलं पाहिजे. दोन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, हेच. या कामात आमची पोरं इतकी पटाईत होतात की देशभर नाव आहे. फक्त एक गोष्ट आम्ही सांगायची विसरलो, की आजारी माणूस दवाखान्यात येताना चार पर्याय घेऊन येत नाही.

मराठीचे तास आठवड्याला चार होते. वर्गात पाच-सहा पोरं यायची, तीही पावसानं अडकलेली. बाकीची क्लासला. हजेरीचा पट माझ्याकडं यायचा आणि मी सगळ्यांना हजर लावायचो. वीरेशला मी वर्षभर हजर लावलं. वर्गात तो मला तीनदा दिसला असेल. एकदा गुरुबसप्पा भेटले, तेव्हा मी भीत भीत विषय काढला, तर ते हसून म्हणाले, “सर, मराठी तर घरचीच हाय. त्याला काय शिकायलंय?”

मीही हसलो. तेव्हाच भांडायला पाहिजे होतं, पण तेव्हा मला नोकरी प्यारी होती.

तोंडी परीक्षेच्या आधी मी पोरांना एक काम सांगितलं होतं. तुम्ही ज्या माणसाच्या हातचं खाता, त्याच्याशी अर्धा तास बोला आणि तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून आणा. पुस्तकी करू नका. तो ‘लई’ म्हणाला तर ‘लई’च लिहा. वीरेश पुढं आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, हे नीटच्या परीक्षेला येत नाही ना?” मी म्हणालो, येत नाही. मग त्यानं कोरा कागद दिला आणि मी त्याला वीसपैकी अठरा दिले. चांगला पोरगा होता, उद्धट नव्हता. उद्धट असता तर कदाचित मी नापास केलं असतं.

तो ज्या हातचं खात होता ते हात कावेरीबाईंचे होते. देगलूरकडच्या एका खेड्यातून ही बाई नवरा वारल्यावर लेकीला, बबिताला, घेऊन लातूरला आली आणि माझ्या घरासमोरच्या दोन खोल्यांत मेस चालवू लागली. चाळीस-पंचेचाळीस पोरं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुणाला पित्त होतं, कुणाला वांगं चालत नाही, कुणाच्या घरी भांडण चाललंय, कुणाचा टेस्टचा आकडा घसरलाय, हे सगळं तिला ठाऊक असायचं. पोरानं ताट सरकवलं की ती म्हणायची, “केमिस्ट्री बिघडली जणू.” आणि बहुतेक वेळा खरंच केमिस्ट्री बिघडलेली असायची. माणसाकडं बघून ओळखायची ही विद्या तिच्याकडं होती आणि तिच्या पंगतीला बसणाऱ्या पंचेचाळीस भावी डॉक्टरांपैकी एकालाही ती शिकावीशी वाटली नाही. मलाही तेव्हा तसं सुचलं नाही, उगाच आता शहाणपणा कशाला सांगू?

वीरेश तिच्याकडं तीन वर्षं जेवला. पहिल्या वेळी नंबर लागला नाही, रिपीट केलं, आणि त्या वर्षी त्याला कावीळ झाली तेव्हा महिनाभर तिनं त्याच्यापुरतं बिनतेलाचं वेगळं शिजवलं. त्याला ॲडमिशन मिळाल्याचं कळलं त्या दिवशी तिनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पेढे गुरुबसप्पांनी आणले होते, पण वाटले तिनं. “माझं लेकरू डॉक्टर झालं,” म्हणत होती. मी म्हणालो, अहो अजून साडेपाच वर्षं आहेत. म्हणाली, “ते काय सर, झाल्यातच जमा.”

ती साडेपाच वर्षं वीरेशनं मुंबईकडच्या एका कॉलेजात काढली. तिथं त्याला हिस्ट्री घ्यायला शिकवलं, पण इंग्रजीत. फॉर्म असतो म्हणे, त्यात चौकटी असतात. वॉर्डात पेशंट निराळ्याच भागातले, त्यांच्याशी बोलायचं ते मोडक्या हिंदीत. पोरगा मेहनती. रात्र-रात्र जागून ड्यूट्या केल्या, एकही विषय मागं ठेवला नाही. मग नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात कामाला लागला. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तो दवाखाना नसता तर दुसरा असता. सकाळी तिथं शंभर-सव्वाशे पेशंट असतात आणि दोन पोरगे डॉक्टर ते उरकतात. हो, ‘उरकतात’ हाच शब्द आहे.

कावेरीबाईही तोवर नांदेडला गेल्या होत्या. गुडघे गेले म्हणून मेस बंद केली आणि बबिताकडं राहायला गेल्या. जावई विष्णुपुरीकडं इंजिनियरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये होता. वीरेश नांदेडलाच आहे हे कळल्यावर बाईंना कोण आनंद! मला फोन करून सांगितलं, “सर, आता दवाखान्याची काळजी मिटली बगा.”

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी बाई भाकरी थापत होत्या. एकदम उजव्या हातातला गोळा परातीत पडला, हात खाली लोंबला, तोंड एका बाजूला गेलं आणि बोलायला जावं तर शब्दच येईना. बबितानं धरून भिंतीला टेकवून बसवलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं जिथल्या तिथं. हात वर झाला, तोंड सरळ झालं, बाई बोलायला लागल्या. बबिताचा नवरा म्हणाला, पलीकडच्या चौकातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडं नेऊ, जवळ आहेत. बाईंनी ऐकलं नाही. “आपला वीरेश असताना दुसऱ्याच्या दारात कशाला?” म्हणाल्या.

त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडं गेल्या असत्या तर? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. काय उपयोग आहे?

आता एक शब्द नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्याकडच्या जुन्या बायका ‘लकवा’ हा शब्द तोंडातून काढत नाहीत. नाव घेतलं की ते घरात शिरतं, अशी त्यांची समजूत. त्या म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ त्यात हात लुळा पडणं आलं, तोंड वाकडं होणं आलं, वाचा जाणं आलं. ताप आला म्हटल्यावर अंग गरम होतं हे वेगळं सांगावं लागतं का? तसंच हे. देगलूरपासून उदगीरपर्यंत हे कुणालाही विचारा. शेळ्या राखणाऱ्याला विचारा.

पुढचं बबितानं मला जसं सांगितलं तसं सांगतो. दोन तास रांगेत बसल्यावर नंबर आला. वीरेशनं ओळखलं, “अरे, मावशी!” म्हणाला, उठून पायाही पडला. नर्सनं बीपी घेतलं, ते वाढलेलं निघालं. वीरेश म्हणाला, रांगेत बसून वाढलं असेल, पुढच्या वेळी परत बघू.

“काय होतंय मावशी?”

“आता काय न्हाई बाळा. सकाळून भाकऱ्या करून राहिले व्हते, तर आंगावरून वारं गेलं.”

“वारं? थंडी वाजली का?”

“थंडी तर हायच की, पुसाचा महिना.”

“पोटात गॅस होतो?”

“व्हतो की कधीमधी.”

“दारं-खिडक्या उघड्या ठेवून झोपता का?”

“खिडकीला काचच न्हाई बाळा.”

बघा, तीन प्रश्न, तिन्हींना होकार. चौकटी भरल्या. बबिता शेजारीच उभी होती. मायनं सांगितलं म्हणजे सांगितलं, आपण पुन्हा काय सांगायचं, असं तिला वाटलं. वर डॉक्टर घरचा, आणि बाहेर शंभर माणसं. बाईही म्हणाल्या, “लेकरू घाईत हाय, चल.” वीरेशनं गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि अगदी मनापासून सांगितलं, “मावशी, सकाळी कानाला बांधत जा. कानटोपी घ्या एक.”

जाताना बबितानं बाजारातून लाल लोकरीची कानटोपी घेतली. बाई ती रात्री घालून झोपल्या आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी ती काढली नाही. वीरेशनं सांगितलं होतं ना!

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत. म्हणजे जाग्या होत्या, डोळे उघडे होते, पण उजवी बाजू सगळी गेलेली आणि तोंडातून नुसता घोगरा आवाज. बबितानं त्यांना पुन्हा वीरेशच्याच दवाखान्यात नेलं, पण झोपेत कधी झालं ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळं रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळही निघून गेली होती. वारं पहिल्यांदा येऊन परत गेलं ती सूचना असते, त्याच दिवशी औषध सुरू केलं तर पुष्कळदा पुढचं टळतं, हे मला नंतर त्या दवाखान्यातल्या मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना मी विचारलं, तुम्हाला ‘वारं गेलं’ म्हणजे काय ते कळतं का? ते म्हणाले, “सर, मी इथल्याच लोह्याचा आहे.”

बबिताचा फोन आला तसा मी निघालो. अहमदपूर, लोहा, नांदेड, एसटीनं चार तास लागतात, आणि त्या चार तासांत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की तिला निदान डाव्या हातानं तरी जेवता यावं. वॉर्डात गेलो. बाईंनी मला ओळखलं. डावा हात वर केला आणि काहीतरी म्हणाल्या, पण ते शब्द नव्हते. पुन्हा म्हणाल्या. मला कळत नाही हे त्यांना कळलं, आणि त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. पंचेचाळीस पोरांशी एका वेळी बोलणारी बाई ती. मला रडू आलं, मी लपवलं नाही.

बबितानं पिशवीतून पहिल्या दिवसाचा कागद काढला. ती दहावीपर्यंत शिकलेली, पण तो कागद इंग्रजीत. “सर, यात काय लिवलंय?” मी वाचला. पोटात गॅस, थंड वाऱ्याचा त्रास. आणि खाली एक ओळ, पेशंटला आपली हिस्ट्री नीट सांगता येत नाही. डॉक्टर लोक ही ओळ सर्रास लिहितात म्हणे. माझं डोकंच फिरलं. मी बबिताला म्हणालो, थांब, हे तुला वीरेशच सांगेल.

तो डॉक्टरांच्या खोलीत होता. मला बघून उठला, वाकला. डोळ्यांखाली काळं आलेलं, दाढी वाढलेली, दोन दिवस झोपला नसावा. मी बस म्हणालो नाही.

“वीरेश, वारं गेलं म्हणजे काय?”

“आता कळलं सर. वॉर्डबॉय मामांनी सांगितलं.”

“उदगीरला तुझ्या घरात कुणी कधी म्हटलं नाही?”

“म्हटलं असेल सर. मी घरी होतो कुठं?”

खरं बोलला. मग म्हणाला, “सर, हे कुठल्याच पुस्तकात नाही.” हेही खरं. मी ओरडायला म्हणून गेलो होतो आणि तोंड उघडलं तर मला माझेच अठरा मार्क दिसायला लागले. शिक्षण म्हणजे काय, यावर मी पंधरा ऑगस्टला दरवर्षी भाषण दिलंय. पोरगा हुशार व्हावा, हे तर आहेच. पण समोरचं माणूस काय म्हणतंय ते त्याला कळावं, आणि कळलं नाही तर ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ एवढं विचारायची लाज वाटू नये, याच्यासाठी शाळा असते. वीरेशला अठ्ठावीस वर्षांत असा एकही पेपर लागला नाही ज्यात ‘मला कळलं नाही’ लिहिलं तर मार्क मिळतात. उलट मार्क कापले जातात.

मी एवढंच म्हणालो, “बाईंचं जे गेलं ते गेलं. आता तू बाहेर चल, बबिताला काय झालं ते तिच्या भाषेत सांग आणि ‘चुकलं माझं’ म्हण. बास. कोर्टकचेरी नाही, तक्रार नाही, ती काही करणार नाही. पण एवढं म्हणालास तर तू अजून डॉक्टर होशील असं मला वाटेल.”

“हो सर,” तो म्हणाला. “म्हणतो.” आणि मला वाटतं, तेव्हा त्याच्या मनात खरंच ते होतं.

व्हरांड्यात बबिता उभी होती. लग्न होऊन, पोरं होऊन बाई झालेली, पण डॉक्टर आला म्हटल्यावर पदर सारखा करून सरळ उभी राहिली. वीरेशनं सुरुवात केली. मेंदू म्हणाला, इस्केमिया म्हणाला, पहिला अटॅक ट्रान्झियंट होता म्हणाला. माझ्याकडं बघितलं. मी बघत राहिलो. पुन्हा सुरुवात केली. “मेंदूत रक्त… रक्त जायचं बंद झालं. त्यानं हात, पाय, बोलणं गेलं.”

“म्हंजे वारं गेलं?” बबितानं विचारलं.

“हो. तेच.”

बबितानं त्याच्याकडं बघितलं. “मंग मायनं परवा तेच सांगितलं व्हतं की तुमाला.”

व्हरांड्यात माणसं येत-जात होती. एक स्ट्रेचर गेलं. मी मनात म्हणत होतो, म्हण. म्हण बाळा, दोनच शब्द आहेत.

“हो, पण…” वीरेश म्हणाला, “त्यांनी हात लुळा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं, असं स्पष्ट सांगायला पाहिजे होतं ना. नुसतं वारं म्हटल्यावर आम्ही कसं समजणार?”

मला वाटलं आता बबिता भडकणार. भडकली असती तर बरं झालं असतं. पण तिनं मान खाली घातली. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

“हाव डॉक्टर. मी बी तिथंच व्हते, मी सांगायला पाहिजे व्हतं. आमालाच नीट सांगता आलं न्हाई. आमी अडाणी मानसं. चुकलं आमचं.”

वीरेशनं तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं, आणि अगदी समजूतदारपणे म्हणाला, “असू द्या ताई. होतं असं.”

त्यानं तिला माफ केलं. मी शेजारी उभा होतो आणि मीही काही बोललो नाही.